दरवर्षी बायबल वाचायला घेते आणि लेवीयपाशी अडते. रोज वाचायची सवय तुम्ही कशी लावली?

कोरं_पान

नमस्कार सगळ्यांना. हे विचारावं का नको असं बरेच दिवस मनात चाललं होतं, आज विचारतेच. सलग चौथं वर्ष आहे. १ जानेवारीला बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ति उघडायचं, वर्षभरात आख्खं बायबल वाचून काढायचं असं ठरवायचं आणि लेवीयात, म्हणजे नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकात, जाऊन थांबायचं. उत्पत्ति छान जातं, योसेफाची गोष्ट तर मी झोप सोडून वाचते, निर्गमात तांबडा समुद्र आणि दहा आज्ञांपर्यंत पण काही अडचण नसते, मग तो निवासमंडप, देवासाठी बांधायचा तंबू, सुरू होतो, इतके हात लांब इतके हात रुंद, फळ्या, कड्या, पडदे, आणि पुढे परत तेच सगळं दुसऱ्यांदा, त्यातून कसंबसं बाहेर पडलं की लेवीय. रोज तीन-चार अध्याय धरले तर महिन्याभरात माणूस बरोबर तिथे पोचतो. मग एक दिवस सुटतो, दुसऱ्या दिवशी सात अध्याय साठलेले असतात, तिसऱ्या दिवशी दहा, आणि मग मी ॲप उघडायचंच बंद करते, कारण उघडलं की पहिल्यांदा तेच दिसतं, तुम्ही इतके दिवस मागे आहात.

ह्या वर्षी ॲपमध्ये सलग ४१ दिवसांची स्ट्रीक झाली होती. मग घरात आजारपण आलं, तीन रात्री दवाखान्यात गेल्या, आणि स्ट्रीक शून्यावर. मला रडूच आलं. आणि नंतर विचार आला की मी नक्की कशासाठी रडले, वचन सुटलं म्हणून का तो आकडा गेला म्हणून? ह्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही आणि ते टोचतंय.

विश्वास आहे, प्रार्थना करते, रविवार शक्यतो चुकवत नाही. पण रोज स्वतः पुस्तक उघडून वाचणं हे काही अंगवळणी पडत नाही. आणि वाचते तेव्हा सुद्धा कित्येकदा डोळे ओळींवरून फिरतात आणि अध्याय संपल्यावर काय वाचलं ते आठवत नाही. कुठून सुरू करू, रोज किती वाचू, सुटलं तर काय करू? ज्यांची सवय खरोखर टिकली आहे त्यांनी प्लीज सांगा.

मोहरीचा_दाणा

ताई, आधी एकच काम करा, मागे राहिलेले अध्याय सोडून द्या. आजच. मी पण तीनदा असाच बुडालोय आणि तिन्ही वेळा बुडालो ते थकबाकीमुळे, लेवीयाचा त्यात फारसा दोष नव्हता. वाचन एकदा कर्जाच्या हप्त्यासारखं वाटायला लागलं की माणूस आधी पुस्तकाला टाळतो आणि मग हळूहळू देवालाच तोंड दाखवायला नको म्हणतो, प्रार्थना पण आखडते, हे मी स्वतः अनुभवलंय.

मला त्यातून बाहेर काढलं निर्गमाच्या १६ व्या अध्यायानं. मान्ना आठवतो ना, रानात देवानं लोकांना दिलेलं अन्न, रोज सकाळी बाहेर पडायचं, आपल्या गरजेपुरता गोळा करायचा, ऊन चढलं की तो वितळून जायचा. कोणी उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडले. ज्यानं जास्त गोळा केला त्याला जास्त उरलं नाही आणि ज्यानं थोडा केला त्याला कमी पडलं नाही. हा अध्याय मी कितीदा वाचला असेन, पण त्या पडत्या काळात वाचताना एकदम लक्षात आलं की काल गोळा न केलेला मान्ना आज भरून काढा असं त्यात कुठेच सांगितलेलं नाही. काल नाही गेलास? बरं, आज बाहेर ये, आजचा पडलाय. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा तो सुद्धा पुढे येणाऱ्या विसाव्याच्या दिवसासाठी. मी त्या दिवशी ॲपमधला प्लॅन डिलीट केला आणि साध्या कागदावर अध्यायांचे आकडे लिहिले, तारखा लिहिल्याच नाहीत. जे वाचलं त्यावर खूण. कागदावर तारीख नसली की माणूस मागे पडूच शकत नाही, जिथे खूण संपते तिथून पुढे वाचायचं, मग मध्ये एक दिवस गेलेला असो नाहीतर दहा.

कुठून सुरू करायचं म्हणाल तर मार्क. सोळाच अध्याय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, आणि भराभर घडत जातं सगळं. मग पुढे नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, पूर्ण करा. नव्या करारात २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत बरोबर २६० होतात आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. आजारपण, पाहुणे, प्रवास, सगळं त्या दोन दिवसांत सामावतं. रोज एक अध्याय म्हणजे फार फार तर सात-आठ मिनिटं, एवढ्यावर समाधान माना सुरुवातीला.

आणि पहाटे पाचलाच उठून वाचेन असं काही ठरवू नका, आधीच रोज होणाऱ्या एखाद्या कामाला वाचन जोडून टाका. मी दात घासून झाले की वाचतो, दुसरं काही करायच्या आधी. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि पुस्तक उशाशी. एवढीच अदलाबदल केली, पण बाकी कुठल्याही निश्चयापेक्षा मला तिचाच जास्त उपयोग झाला.

अखंड_वाचन

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत, त्यातले ९२९ जुन्या करारातले. नुसता नवा करार वाचत बसलो तर तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पुस्तक बाजूलाच राहतं आणि मग नव्या कराराचं पण अर्धंच समजतं. कोकरा म्हणजे काय, रक्त कशाला, याजक कोण, करार म्हणजे काय, हे सगळं मागे आहे. आख्खं बायबल मोठ्यानं वाचलं तर साधारण ७०-८० तास लागतात, रोजची १५ मिनिटं धरली तरी वर्षाचे ९१ तास होतात, म्हणजे हे काही अशक्य काम नाही.

मी सहा वर्षं मॅकशेनचा प्लॅन वापरतोय. रॉबर्ट मरे मॅकशेन हा स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक, त्यानं १८४२ साली आपल्या मंडळीसाठी हे वेळापत्रक बनवलं आणि पुढच्याच वर्षी वयाच्या २९ व्या वर्षी तो वारला. रोज चार ठिकाणचं वाचायचं, पहिल्या दिवशी उत्पत्ति १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १ असं एकदम सुरू होतं. वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा होतात. तुमच्यासाठी ह्याचा फायदा असा की लेवीयाचा कोरडा वाटणारा अध्याय आला तरी त्याच दिवशी बाकीच्या तीन ठिकाणांहून काहीतरी हाताला लागतंच, एकाच जागी महिनाभर रुतून बसायला होत नाही. शिस्त लागते ताई, आणि शिस्त लागायला थोडा दाब लागतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

मोहरीचा_दाणा

दादा, जुन्या कराराबद्दल १०० टक्के सहमत, नव्या करारावरच थांबा असं मी म्हणत नाहीये, सुरुवात तिथून करा म्हणतोय. पण मॅकशेनचं नाव काढलंत म्हणून सांगतो, त्यानं ते वेळापत्रक मंडळीला देताना सोबत जे पत्र लिहिलं त्यात फायद्यांच्या आधी धोके लिहिले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसणं, ठरलेलं वाचून झालं म्हणून स्वतःला धार्मिक समजणं, घाईघाईनं बेफिकीर वाचणं, आणि काहींना ते न पेलणारं जू होणं. म्हणजे ज्यानं प्लॅन बनवला त्यालाच आपल्या लोकांची ही काळजी होती. ताईंनी वर स्ट्रीकबद्दल जे विचारलंय ते जवळजवळ हेच आहे. तेव्हा ताई, तुमच्या मनात तो प्रश्न आला ह्याचंच मला बरं वाटलं, त्याची लाज बाळगू नका.

अखंड_वाचन

हो, ते पत्र वाचलंय मी. मान्य. घरात आजारी माणूस असताना चार-चार अध्याय अंगावर घ्या असं मी पण म्हणणार नाही. आधी घर सावरू दे.

पायवाट

सगळे लेवीयाला वळसा घालायचे रस्ते सांगतायत, मला मात्र त्या पुस्तकाची बाजू मांडायची आहे, कारण गेली काही वर्षं माझा तो सगळ्यात आवडता भाग झालाय आणि माझी वाचनाची सवय टिकण्यात त्याचा मोठा हात आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही म्हणालात निवासमंडपाचं सगळं परत दुसऱ्यांदा येतं. बरोबर आहे, निर्गम २५ ते ३१ मध्ये कसा बांधायचा ते सांगितलंय आणि ३५ ते ४० मध्ये तो बांधला, जवळजवळ त्याच शब्दांत, आधी असं कर असं कर आणि नंतर त्यांनी तसं केलं तसं केलं. मला पण आधी वाटायचं एवढं परत कशाला लिहायचं. पण ह्या दोन भागांच्या मध्ये काय आहे ते बघा. ३२ वा अध्याय, सोन्याचं वासरू. मोशे डोंगरावर देवाच्या घराचा आराखडा घेतोय आणि खाली लोक मूर्तीपुढे नाचतायत. मोशे खाली येतो आणि दहा आज्ञांच्या पाट्या फोडतो. ३३ मध्ये देव म्हणतो की मी तुमच्यामध्ये राहून चालणार नाही, वाटेत तुमचा नाशच करून टाकेन. म्हणजे तो आराखडा आता रद्द व्हायला हवा होता, ज्या लोकांमध्ये राहायचं त्यांनीच करार मोडला. मग मोशे अडून बसतो, तू येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नको म्हणतो, आणि देव क्षमा करतो. ह्यानंतर ३५ पासून तेच पडदे, त्याच कड्या, त्याच फळ्या, एकही गोष्ट कमी न करता. एवढं होऊनही देवानं ठरवलेलं घर छोटं केलं नाही. हे लक्षात आलं त्या दिवसापासून ती मापं वाचताना माझा घसा दाटून येतो. पहिल्या वेळी जो नुसता नकाशा होता तो दुसऱ्या वेळी माफी झालेला आहे.

आता पुढे. निर्गमाच्या अगदी शेवटी देवाचं तेज मंडपात भरतं आणि मोशेला आत जाता येत नाही. लेवीयाचं पहिलंच वचन काढा, परमेश्वर मोशेला मंडपातून हाक मारतो, म्हणजे मोशे बाहेर आहे. आणि लेवीय संपून पुढच्या गणना पुस्तकाचं पहिलं वचन वाचा, परमेश्वर मोशेशी मंडपामध्ये बोलला. बाहेर उभा असलेला माणूस आत आलाय. म्हणजे मध्ये जे २७ अध्याय आहेत ते ह्याच प्रश्नाचं उत्तर आहे की पवित्र देवाच्या घरात माणसानं आत कसं यायचं. सतरा प्रकारचे नियम वाटतात ते सगळे ह्या एका दाराकडे जातात, आणि अगदी मधोमध १६ वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, वर्षातून एकदा प्रमुख याजक पडद्याच्या आत जातो. तो वाचून लगेच नव्या करारातलं इब्री ९ वाचा, शेजारी शेजारी. मी पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

अजून एक छोटी गोष्ट सांगून थांबते. लेवीय १२ मध्ये बाळंतीण बाईनं कोणतं अर्पण आणायचं ते दिलंय, एक वर्षाचं कोकरू, आणि ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील. कंटाळवाणा नियम वाटतो ना? आता लूक २ काढा, बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ मंदिरात येतात तेव्हा त्यांच्या अर्पणाबद्दल काय लिहिलंय बघा. पाखरंच. लूक कुठेही हे घर गरीब होतं असं लिहीत नाही, पण ज्यानं लेवीय वाचलंय त्याला ते आपोआप कळतं, की ह्यांच्याकडे कोकरासाठी पैसे नव्हते. तसंच शेताच्या कडा कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा हा १९ व्या अध्यायातला नियम, आणि रूथ २ मध्ये एक परकी विधवा त्याच नियमावर पोट भरते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे पण ह्याच १९ व्या अध्यायात आहे, १८ वं वचन.

म्हणून माझं सांगणं एवढंच की आत्ता नका वाचू लेवीय, मार्क वाचा. पण पुढच्या वेळी तिथे याल तेव्हा रोज चार अध्याय रेटू नका, रोज अर्धाच घ्या, आणि नव्या करारातला जोडीचा भाग शेजारी उघडा ठेवा. सवय मोडते ती पुष्कळदा समजत नसल्यामुळे मोडते, आणि मग आपण आळशी आहोत असं समजून स्वतःलाच दोष देत बसतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायातला तो कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, वाचताय ते समजतंय का असं येशूची वार्ता सांगणाऱ्या फिलिप्पानं विचारलं तर तो सरळ म्हणाला की कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. आणि त्याला वर बोलावून शेजारी बसवलं. समजत नाही हे कबूल करणं आणि कुणाला तरी शेजारी बसवणं, दोन्ही करा. अभ्यासाच्या टीपा असलेली एखादी प्रत जवळ असली तरी पुष्कळ.

रात्रपाळी

मी रात्रपाळीची नोकरी करते आणि दोन लहान मुलं आहेत त्यामुळे सकाळची शांत वेळ वगैरे माझ्या आयुष्यात नाहीच, सुरुवातीला मला वाटायचं ज्यांना निवांत वेळ आहे त्यांच्यासाठीच आहे हे सगळं. मग मी ऐकायला सुरुवात केली. ऑडिओ बायबल, जाता-येता, भांडी घासताना. मार्क पूर्ण ऐकायला साधारण दीड तास लागतो, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या येण्या-जाण्यात आख्खं शुभवर्तमान होतं, आणि सलग ऐकल्यावर ते वेगळंच लागतं, तुकड्या-तुकड्यात कधी लक्षात येत नाही की येशू किती दमलेला असतो, लोक त्याला जेवायला सुद्धा सवड देत नाहीत. ते ऐकून मला फार जवळचं वाटलं.

कोणी म्हणेल ऐकणं म्हणजे वाचणं नाही, पण मला नाही पटत. त्या काळात बहुतेक लोकांनी हे ऐकलेलंच आहे. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणारा आणि ऐकणारे दोघांनाही धन्य म्हटलंय. आणि तो कूशी अधिकारी, पायवाट ताईंनी सांगितला तो, तो पण मोठ्यानंच वाचत होता म्हणून तर फिलिप्पाला ऐकू आलं!

ताई, डोळे फिरतात पण डोक्यात शिरत नाही म्हणालात त्यावर माझा पण हाच उपाय, मोठ्यानं वाचा. अगदी पुटपुटत का होईना. स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस मनन करतो असं आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द आहे हागा, आणि त्याचा अर्थ तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, गुणगुणणं असा होतो. यशयात सिंह शिकारीवर गुरगुरतो तिथे तोच शब्द आहे आणि पारवा घुमतो तिथे पण तोच. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याला देवानं जे सांगितलं की हे नियमशास्त्र तुझ्या मुखातून जाऊ नये, त्याच वचनात मनन कर म्हणून पुढे हाच शब्द येतो. म्हणजे मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं एवढंच नाही, ओठ हलले पाहिजेत. ओठ हलतात तेव्हा मन फार लांब पळत नाही, निदान माझं तरी. ज्या दिवशी अजिबात जमत नाही त्या दिवशी मी एकच स्तोत्र म्हणते, ११७ वं तर दोनच वचनांचं आहे.

घंटानाद

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे ७३ पुस्तकं, त्यामुळे प्लॅन थोडा निराळा, पण एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटलं. आमच्या चर्चची रोजच्या मिस्साची, म्हणजे मुख्य उपासनेची, वाचनं ठरलेली असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधून मधून, विशेषतः पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या काळात. इतर दिवशीचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं आणि शुभवर्तमान दरवर्षी तेच. मी रोज त्या दिवशीची वाचनं काढून वाचतो, बस. निवड करावी लागत नाही. पंधरा दिवस गायब झालो तरी परत आलो की त्या दिवसाचं वाचन तयार असतं आणि जगात कितीतरी लोक त्या दिवशी तेच वाचत असतात, हा मला फार मोठा आधार वाटतो. एकटेपणा जातो वाचनातला.

आणि थोडं वाचून मुरू द्यायचं असेल तर लेक्शियो दिविना करून बघा. १२ व्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासीनं त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं शांत असणं. एका वेळी आठ-दहा वचनं पुरतात. माझं असं होतं की दिवसभर त्यातला एखादा शब्द बरोबर राहतो.

कोरं_पान

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. दोन आठवड्यांनी परत लिहितेय. ॲपमधला प्लॅन काढून टाकला. कागदावर १ ते १६ लिहून मार्क सुरू केलं, मोठ्यानं, आणि अध्याय पण पूर्ण करायचाच असं नाही, एक घटना संपली की थांबते. मध्ये तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कागद घेतला, जिथे होते तिथून सुरू केलं, आणि काहीच झालं नाही, म्हणजे ते ओझं आलंच नाही.

एक सांगायचं होतं. दुसऱ्या अध्यायात चौघं जण त्या पक्षाघाती माणसाला खाट उचलून आणतात आणि छप्पर उघडून खाली सोडतात ते. लहानपणापासून हजारदा ऐकलेली गोष्ट. ह्या वेळी माझा आवाज माझ्याच कानावर पडत होता आणि येशूनं त्यांचा विश्वास पाहून असं वाचलं आणि मी थांबले. त्यांचा. त्याचा नाही, त्यांचा. खाटेवर पडलेला माणूस काही बोलतच नाही पूर्ण गोष्टीत, आणणारे चौघं होते त्यांचा विश्वास येशूला दिसला. दवाखान्यात तीन रात्री मी हेच म्हणत होते की हिला शुद्ध नाही, हिला स्वतःला प्रार्थना करता येत नाहीये, मग काय. मला ते वचन त्या रात्री माहीत असतं तर. पण आता माहीत आहे. आईला घरी आणलंय, बरी आहे, काल तिला हा भाग वाचून दाखवला तर म्हणाली परत वाच.

आता रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून वाचते, एका अर्थी तिलाही ऐकायला मिळतं आणि माझंही चुकत नाही कारण ती वाट बघते. मार्क संपत आलं की पुढे काय घेऊ? तिला नव्या कराराचं पुष्कळ पाठ आहे, तिला जुन्यातलं काही आवडेल असं वाटतंय, पण लगेच उत्पत्तिपासून नको.

मोहरीचा_दाणा

ताई, वाचून फार आनंद झाला. आईंना सलाम सांगा.

रात्रपाळी

परत वाच म्हणाली हे वाचून डोळ्यात पाणी आलं. अशाच वाचत राहा दोघी.

पायवाट

यशया ४० ते ५५ घ्या. मार्काची सुरुवातच तिथून आहे, अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी हे यशया ४० मधलं आहे, त्यामुळे आईंना पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटेल. आणि ते पण बरोबर सोळाच अध्याय, मार्काइतकेच, तोच कागद उलटा करून मागच्या बाजूला आकडे लिहिता येतील. पहिलं वाक्यच सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा असं आहे, आजारातून उठलेल्या माणसाला ह्याच्यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. ४० च्या शेवटी गरुडासारखे पंख पसरून वर जातील ते आहे, ४३ मध्ये तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन आहे, तिथे हळू वाचा. मध्ये ४४ मध्ये मूर्ती घडवणाऱ्या सुताराचं मोठं वर्णन येतं आणि ४६-४७ मध्ये बाबेलबद्दल आहे, तिथे आईंना झोप आली तर आली, दुसऱ्या दिवशी पुढे जा.

फक्त ५३ व्या अध्यायाला आलात की एक करा. अध्यायांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते, ते १३ व्या शतकात पडले, आणि वचनांचे आकडे तर नव्या करारात १५५१ साली आले, त्यामुळे काही ठिकाणी विभागणी मध्येच कापल्यासारखी झालीय आणि ही त्यातलीच एक जागा. त्या दिवशी ५३ च्या पहिल्या वचनापासून सुरू करू नका, तीन वचनं मागे जा, ५२ च्या १३ व्या वचनापासून. देवाच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत तिथून सुरू होतं. सलग मोठ्यानं वाचा, मध्ये न थांबता.